काच

सातव्या महिन्यातच आली उर्मी, नऊशे ग्रॅमची.
पेटीत दोन महिने.
डोळ्यांचे पडदे सुटत होते. ऑपरेशनं झाली,
भिंगंही काढावी लागली, पण पडदे बसले.
अँटॉप हिलच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आम्ही.

मग लोबो सिस्टर म्हणाल्या,
दर तीन महिन्यांनी यायचं. आतलं प्रेशर वाढू शकतं,
काही वर्षांनीसुद्धा.
दुखतं का?
लहान मूल, सांगणार कसं.

मी टायरवाला. हवा माझ्या अंगठ्याला कळते,
गेज नंतर लावतो, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.
याला म्हणे काचबिंदू म्हणतात.
आमच्यात काचतो तो करदोटा :
लाल वळ उठतो, पोर रडतं, आपण गाठ सैल करतो.

रात्री ती झोपली की
मिटल्या पापणीपर्यंत अंगठा नेतो
आणि मागे घेतो. रबराचा वास जात नाही त्याचा.

काल तिनं बल्बकडून तोंड फिरवलं. दोनदा.
बायको म्हणाली, झोप आली असेल.
कार्डावर तारीख पुढच्या मंगळवारची.

आज शुक्रवार.
तिला खांद्यावर टाकून शटर ओढलं,
टॅक्सीत बसल्यावर आठवलं,
कंप्रेसर चालूच राहिला आत.