पातळ काळी रेघ

तेवीस तारखेला प्रयोगशाळेची किल्ली परत करायची असते,
मी करत नाही.
रखवालदार कालेव वहीत माझ्या नावापुढे
फुली आणि बरोबर यांच्या मधलं काहीतरी काढतो
आणि म्हणतो, जाताना दिवे तेवढे मालव.

दिवे कसले मालवायचे,
तार्तूत साडेतीनलाच कोणीतरी अख्खा दिवस मालवलेला असतो.

सुट्टीचा पहिला दिवस झोपण्यात गेला.
दुसरा, पहिल्याबद्दल अपराधी वाटण्यात.
तिसऱ्यापासून जरा जमायला लागलं:
नऊला उठायचं, खिडकी अजून निळीच,
काळ्या पावाची कड भाजायची, लोणी सढळ हाताने,
प्रबंधाची फाईल उघडायची,
एका वाक्यातला स्वल्पविराम काढायचा,
चहा प्यायचा,
तो परत घालायचा.

नुत्सा घरी गेली नाही.
त्बिलिसीचं तिकीट म्हणजे तिची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती.
आईने पाठवलेल्या अक्रोडाच्या माळा
तिने स्वयंपाकघरातल्या दोरीवर टांगल्यात, ओल्या मोज्यांशेजारी,
आणि आम्ही दोघींनी जमिनीवर हजार तुकड्यांचं कोडं मांडलंय,
जुन्या बाजारातून दीड युरोला आणलेलं:
एक जहाज, बाकी सगळं आभाळ.
जहाज एका रात्रीत झालं.
आभाळाला बसलो तेव्हा कळलं
निळ्याला किती पोटजाती असतात ते.

चोवीसच्या संध्याकाळी सगळं गाव
राडीच्या कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन जातं.
आमचं तिथे कोणी नाही, माझी माणसं बेटावर पुरलेली,
तिची डोंगरापलीकडे.
तरी गेलो.
जिच्याभोवतीच्या बर्फात एकही पाऊल नव्हतं
अशी कबर शोधली.
दगडावरचं अर्धं नाव बर्फाखाली होतं, आम्ही पुसलं नाही.
काडी तिसऱ्यांदा पेटली.

सत्तावीसला दुकानात हेल्वे भेटली, माझी मार्गदर्शक,
एका हातात मोहरीची बरणी,
दुसऱ्यात घसरगाडीची दोरी, गाडीवर नातू.
आम्ही मोहरीवर बोललो. पुष्कळ बोललो.
कुठली नाकात जाते, कुठली नुसतीच डोळ्यांत.
तिसरं प्रकरण आमच्या दोघींच्या मधे उभं होतं
कानटोपी घालून, पाय आपटत.
तिने त्याला ओळख दाखवली नाही,
मीही नाही.

एक दिवसाआड जाते मी शीतपेटीचा आकडा बघायला.
कोणी सांगितलेलं नाही.
आत माझा चिखल निजलेला, तळ्याच्या तळाचा,
दोन मीटर, नळीत.
त्यातले परागकण मोजणं हा माझा धंदा,
काचेमागे पाचशे: भूर्ज, पाइन, मधूनच राय.

काय दिसतं त्यात, मामाने फोनवर विचारलं,
मागे त्याचा टीव्ही, कुत्रा, चुलीवरचं सॉसेज.
उन्हाळे, म्हटलं. चार हजार उन्हाळे.
आणि हिवाळा?
हिवाळ्यात कुठलं झाड काय सोडणार, मामा.
तो म्हणाला, हं.
मग सॉसेज फुटल्याचा आवाज आला.

काल मात्र नळी उगाचच दिव्याखाली धरली,
मोजायचं काही नसताना.
दर दोन उन्हाळ्यांमधे एक काळी रेघ, केसाएवढी.
बर्फाखाली पाणी हलत नाही तेव्हा
जे काय सावकाश खाली येऊन बसतं, ते.
चार वर्षं मी तिला नुसती हद्द म्हणून वापरलं.
बोटं बधिर होईपर्यंत बघत राहिले,
मग आकडा लिहिला, दिवे मालवले.

घरी आले तर नुत्सा पालथी झोपलेली, गालाला एक निळा तुकडा चिकटलेला.
कोडं पूर्ण झालं होतं, वरच्या कोपऱ्यातली एक जागा सोडून.
तो तुकडा डब्यात कधी नव्हताच.
तिथे तिने अर्धा अक्रोड ठेवलाय.
आठ जानेवारीपर्यंत
आमच्या आभाळात एक अक्रोड आहे
आणि आम्ही त्याला वळसा घालून ये-जा करतो.