मुदत

डॉक्टर नेर्लेकर म्हणाले, डीजे टाकावा लागेल.
भाऊ दाराशी उभा होता, त्यानं तेवढंच ऐकलं.
म्हणाला, आत्ता? गणपतीला अजून चार महिने आहेत.
मी हसले. हसताना डाव्या कुशीत कळ आली.

वीतभराची नळी. शेवईपेक्षा थोडी जाड,
दोन्ही टोकांना वेटोळं.
एक वेटोळं मूत्रपिंडात अडकतं, एक मूत्राशयात,
मधली वाट उघडी राहते.
वाट का मिटली, तर
गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ होती,
तिला पंचवीस शेक दिले. गाठ गेली,
शेजारून जाणारी वाहिनी आक्रसली.
सुक्याबरोबर ओलंही जळतं
हे मला कुणी फॉर्मवर लिहून दिलं नव्हतं,
किंवा दिलं असेल, सही करताना मी वाचलं नाही.

कायमची का, मी विचारलं.
नेर्लेकर चष्मा पुसत म्हणाले,
नळी कायमची नाही. नळी असणं कायमचं.
सहा महिन्यांनी जुनी काढायची, नवी घालायची.
म्हणजे पासासारखं, मी म्हटलं.
तेवीस वर्षं मी लोकांच्या पासावरच्या तारखा बघतेय.
उलटलेली तारीख अंगठ्याखाली झाकणारे
मला लांबून ओळखू येतात.

तेव्हापासून शहराचा नकाशा बदलला.
कात्रज ते निगडी, थांबे तेच,
पण मी मोजते ते वेगळे.
स्वारगेटला डेपोत आहे, चावी कंट्रोलरकडे, त्याला मागावी लागते.
डेक्कनला आहे, जाववत नाही.
मनपाला बरं आहे, दोन रुपये.
वाकडेवाडीनंतर थेट नाशिक फाटा,
आणि मध्ये खडकीचा सिग्नल,
तिथं मी सुटे पैसे पुन्हा पुन्हा मोजते,
पाय आवळून, ओठ आवळून.
गाडीला ब्रेक लागला की आतलं वेटोळं टोचतं.
लघवीला बसलं की कळ पाठीत उलटी चढते,
आणि उन्हाळ्यात, उभं राहून राहून,
रंग कोकम सरबताचा.
पाणी प्या, डॉक्टर म्हणतात, तीन लिटर.
मी पिते. मग खडकीचा सिग्नल येतो.

पाचव्या बदलीला माझ्या आधी
वाघोलीचे एक गृहस्थ होते.
खडा काढला तेव्हा नळी बसवली होती,
बरं वाटलं, विसरले. चार वर्षं.
गीझरच्या कॉइलवर चढतो तसा क्षार चढला,
दोन ऑपरेशनं झाली, तरी अर्धीच निघाली.
विसरलो हो, ते सारखं म्हणत होते,
कुणाला तरी, बहुधा छताला.
मी घरी येऊन कॅलेंडरवर तारखेला लाल गोल केला,
मग दुसरा फ्रिजवर.
आता धातूची घालू म्हणतात, वर्षभर टिकते.
किंमत ऐकून मी म्हटलं, बघू.

सिकंदर मुलाणी नवा ड्रायव्हर.
त्याला मी काही सांगितलं नव्हतं,
मुलाच्या वयाच्या माणसाला काय सांगणार.
परवा दुपारी खडकीच्या पुढं, पेट्रोल पंपाशी,
त्यानं गाडी बाजूला घेतली आणि ओरडला,
इंजिन तापलंय, पाच मिनिटं थांबावं लागेल!
लोक कुरकुरले. कुणी घड्याळ बघितलं, कुणी सरकारला शिव्या दिल्या.
माझ्याकडे न बघता त्यानं मागचं दार उघडलं.

परत आले तेव्हा तो टपावर हात ठेवून
ताप बघितल्यासारखा उभा होता.
गाडी विजेची. तिला इंजिनच नाही.
एवढी चाळीस माणसं, त्यात इंजिनिअरिंगची पोरं अर्धी,
एकानंही विचारलं नाही.

मी चढले, पत्र्यावर दोनदा थाप मारली.
दारात थांबू नका, म्हटलं,
पुढं सरका, आत जागा आहे,
सरका पुढं.