सहा भरले, पाच वाजले

सुतारदऱ्याच्या शेवटच्या बिल्डिंगमागे
पाण्याच्या टाकीला वळसा घातला की ती वाट सुरू होते.
नकाशात नाही. कुत्र्यांना माहीत आहे, मोरांना,
आणि हणमंता मुधोळकरला,
जो रात्रपाळी संपवून, वॉचमनचा निळा शर्ट न बदलता
रविवारी माझ्यासोबत चढतो.

मी म्हटलं, इथे वाट उगाच वळते.
उगाच न्हाई, तो म्हणाला, ही गाढवांनी आखली.
भरल्या पाठीचं जनावर
सरळ कधी उतरत न्हाई.
माणूस उतरतो.

माघ संपत आलेला. गवताची कुसळं झालेली,
मोज्यांत शिरतात, घरापर्यंत येतात.
गणेरीच्या झाडाला एक पान नाही, नुसती पिवळी फुलं,
आणि माळावर टिटवी ओरडतेय
जसं काही आम्ही तिची अंडीच न्यायला आलोय.
कुणी न नेलेले खडीचे ढीग अजून आहेत,
त्यांच्यातून बोरी उगवल्यात.
हणमंता वाकून एक खडा उचलतो,
बोटांत फिरवतो, म्हणतो, पाऊण इंची,
आणि नेमका होता तिथेच ठेवतो.

वाचायला मी शाळेत शिकलो.
खाण वाचायला त्याच्याकडून.
कातळावरची ही उभी पन्हळ म्हणजे सुरुंगाचं भोक,
अर्धं इथं राहिलं,
अर्धं खाली गेलं, कुणाच्या तरी जोत्यात.
वरचा तांबूस पट्टा मुरूम, त्याला भाव नव्हता.
ही पायरी त्र्याऐंशी सालची.
त्या खालची, धाकटी बहीण झाली तेव्हाची;
आई अकराव्या दिवशी परत सुतकी घेऊन उभी.
खाली आता हिरवं पाणी, त्यात एक चप्पल तरंगते.
किती असेल? मी विचारतो.
तो डोळे बारीक करतो. हजार ब्रास तरी काढला असंल आम्ही.
मग थांबून,
पाण्याचं काय, ते कुठलीबी जागा भरतं.

परतताना एका वळणावर तो उभा राहतो. दर रविवारी.
मोठा धोंडा आहे तिथे, त्याला पाठ लावून,
मान जराशी तिरकी, ओठ हलतात.
मला वाटायचं, दम लागला. देव असेल कुणाचा.
धोंड्याला शेंदूर नव्हता, तरी मी
दोन वेळा नमस्कारही करून घेतला.

शेवटी विचारलं.
वात पेटवली की हितं यायचं, तो म्हणाला.
लाल फडकं घेऊन एक जण खाली, एक जण वर.
आई गाढवांचे कान झाकायची,
आमचे आम्ही.
आणि मोजायचं.
जितके भरले तितके वाजले पायजेत.
दोन एकदम वाजले तर भांडण,
एक धरायचा का दोन.

त्या दिवशी सहा भरले.
मी पाच मोजले.
अण्णा म्हणाला, दोन जोडीनं गेले रे, तुला कळत न्हाई.
नऊ वर्षांचा होतो मी.
मोजता मला येत होतं.
वीसपर्यंत येत होतं.

एवढं बोलून त्याने शर्टावरची कुसळं काढली,
एकेक, सावकाश,
आणि म्हणाला, चला, दूध आणायचंय.

चैत्रात त्याची ड्यूटी वाकडला गेली,
बत्तीस मजल्यांच्या टॉवरवर.
आता मी एकटाच जातो.
कानांत गाणी घातलेली पोरं पळत मागे टाकतात,
एक बाई मनगटावरच्या घड्याळात पावलं बघते.
वळणावर मी थांबतो, धोंड्याला पाठ लावतो.
तो अजून गार असतो सकाळचा.

खाली पायाचं काम चाललंय कुठेतरी.
एक ठोका येतो. मग एक.
मग बराच वेळ काही नाही.
मग दोन, इतके लागून
की एक धरावा की दोन, समजत नाही.

मी उभाच राहतो.
किती भरले होते, ते मला
कुणी सांगितलेलं नाही.