एक पुरू का?

ओक बाई शिकवतात.
(कोकणातल्या नव्हेत, जल्ला प्रांतातल्या.
पहिल्या दिवशी मी फळ्यावरच्या नावाकडे बघतच राहिले.)
मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सात,
गुन्सानच्या मासळीबाजारामागे दुसरा मजला,
खिडकीतून मांदेलीसारखं काहीतरी सुकल्याचा वास.

"शेवटी त असलेलं क्रियापद," बाई म्हणतात,
"पुढे स्वर आला की त विरघळतो, र होतो."
कॉत्ता, चालणे: कॉरॉ.
तुत्ता, ऐकणे: तुरॉ.
दिवसभर माशांच्या वड्या पाकिटात भरणारा झलकमान
झोपेतच मान हलवतो.
"सगळ्यांचा?" दिलफुझा विचारते.
"नाही."
"मग कोणाकोणाचा?"
बाई चष्मा पुसतात. "पाठ करा."

मला राग येतो. नियम केलाय तर पाळा की.
मग धक्क्यावरून घरी जाताना आठवतं,
आमच्याकडे जा-चा गेला होतो,
त्यातला ज कुठे गेला, ग कुठून आला,
आणि आला तरी कशाचा, तर ये-चा.
मला कोणी शिकवलं नाही हे.
दात आले तसं आलं.

पुढच्या गुरुवारी मुत्ता.
(मराठी कानाला हसू येतं. येऊ दे.)
मुत्ता म्हणजे विचारणे.
मुत्ता म्हणजे पुरणे, मातीत.
दिसायला एक. पण विचारण्यातला त विरघळतो: मुरॉ.
पुरण्यातला जागचा हलत नाही,
फार तर घोगरा होतो: मुदॉ.
"का?" या वेळी मी.
"परीक्षेत येतं," ओक बाई म्हणाल्या.

नोव्हेंबरात माझ्या खोलीचा बॉयलर बंद पडला.
घरमालकीण प्यो मालसुन अंगणात होती,
कोपरापर्यंत लाल हातमोजे,
पुढ्यात मिठातल्या कोबीचा ढीग.
जिन्यात चार वेळा घोकलं होतं वाक्य,
आदराचं शेपूट नीट लावून,
आणि तिच्यासमोर उभी राहून म्हणाले,
"हाल्मॉनी, एक पुरू का?"

ती हसली नाही.
हातमोजे काढले, फावडं आणून दिलं.
"मोठं आहे का?
पर्सिमनखाली नको, तिथे कुत्रा आहे.
भिंतीशी सासूची बरणी, तिला धक्का लावू नकोस.
इथे खण. इथली माती ऐकते."

मला फक्त एक र हवा होता.
तो काही केल्या तोंडात येईना.
मग खणलं. काय करणार?
हातभर खाली माती कोमट निघाली.
ती काठावर उकिडवी बसली होती,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
नवऱ्याला डोंगरावर पुरलं, अकरा वर्षं झाली,
एक विचारायचं राहिलं.
दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात,
कुठेही न अडखळता.
मी ऐकलं ते आधी व्याकरण म्हणून,
याची लाज नंतर वाटली.

काय विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही.
तेवढा र तोवर आला होता, तरी.

खड्डा वाया कशाला म्हणून तिनं एक बरणी भरली,
दोघींनी मिळून आत उतरवली.
ही तुझी, म्हणाली, फेब्रुवारीपर्यंत पुरव.
बॉयलरचं दुसऱ्या दिवशी हातवाऱ्यांनी सांगितलं.

गृहपाठ: मुत्ताची दोन वाक्यं लिहा.
मी आधी मराठीत कच्चं लिहून बघते आणि थबकते.
आमच्याकडे जमिनीत पुरलं
आणि हिवाळाभर पुरलं,
कुठल्याच अक्षराला काही होत नाही.
वाक्यावरून ओळखायचं.
दिलफुझाला हे सांगितलं तर ती मला
"मग कोणी ओळखलं नाही तर?" म्हणेल.

बरणीचा तळ दिसायला लागलाय.
आज सकाळी मालसुन बाईंनी खिडकीवर टकटक केली,
रिकाम्या झाकणाकडे बोट दाखवून
पुरलं का, असं काहीसं म्हणाल्या.
त्यांचं क्रियापद वेगळंच होतं,
आम्हाला अजून शिकवलेलं नाही.
मी मान हलवली.