पाहिल्याची तारीख

शाळेत रेंज येत नाही.
म्हणून बुधवारी शेवटच्या दोन तासांना
आम्ही सड्यावर जातो, सातवीचे अकरा जण आणि मी,
पाण्याच्या टाकीच्या सावलीत जांभ्यावर बसतो.
दोन टॅब. एकाची काच तडकलेली,
त्यामुळे प्रत्येक माशाच्या पोटातून एक रेघ जाते.

मी घाटावरची. मासे मला इथे आल्यावर
ताटातच भेटले.
तेव्हा शिकवते ते शोधायचं कसं, एवढंच:
पहिलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे,
खाली सरका. कोणी लिहिलंय बघा. कधी लिहिलंय.
दोन ठिकाणी सापडलं तर पेनाने,
एकाच ठिकाणी सापडलं तर पेन्सिलीने.

रुचिता तारीला लेपो हवा होता.
'लेप म्हणायचंय का तुम्हाला?' यंत्राने विचारलं,
आणि चंदनाचे, हळदीचे, गुडघेदुखीचे
लेप ओळीने आले.
पोरं जांभ्यावर लोळून हसली.

मग चित्रांवरून शोधत गेलो.
चपटा. दोन्ही डोळे एकाच कुशीला.
सापडला, कुठल्याशा थंड देशातल्या मोठ्या संग्रहात:
लॅटिन नाव, दातांची ठेवण, किती वाव खोल,
नकाशावर नारिंगी ठिपके,
एक तर बरोबर आमच्या खाडीच्या तोंडाशी.
स्थानिक नाव: नोंद नाही.

"नोंद नाय?" रुचिता म्हणाली,
"सकाळीच तर आत्येन इकले, शंभराक वाटो."

आत्याने संध्याकाळी एका माशाची चार नावं काढून दिली.
कोवळा असला तर वेगळं, चिखलातल्याचं वेगळं,
जाळ्यात नको असताना येतो त्याचं वेगळं,
आणि चौथं असं, की पोरीने ते
वहीत लिहिलंच नाही, नुसती हसली.

प्रदर्शनाचा तक्ता. खाली संदर्भसूची.
मीच सांगितलेलं: संकेतस्थळ बदलत असतं,
आज आहे ते उद्या पुसलेलं असेल,
पत्त्यापुढे पाहिल्याची तारीख हवीच.
तिने लिहिलं:
एक, तो संग्रह, पूर्ण पत्ता, १२ डिसेंबर.
दोन, विद्यापीठातला प्रबंध, पान ४१.
तीन, सुलभा तारी, मासळीबाजार, तिसरा ओटा,
पाहिल्याची तारीख: वद्य अष्टमी, भांग, सुकतीला.

"आत्यापुढे तारीख कशाला गं?"
"ती पण बदलता, बाई.
होडी इकल्यापासून नावां इसारता."

परीक्षकांनी तिसऱ्या संदर्भाखाली लाल रेघ ओढली.
प्रश्नचिन्ह नाही, शेरा नाही.

रिकाम्या रकान्याबद्दल मी त्या संग्रहाला लिहिलं.
चार ओळींचं उत्तर आलं, त्यातली शेवटची:
'कृपया पुरावा जोडावा.'
आत्याला वाचून दाखवलं, तर तिने
टोपल्यातले दोन लेपो पिशवीत टाकले. "हे जोड."

आज बुधवार. सड्यावर फोटो चढवतोय,
गोल नुसता फिरतोय, चौदा टक्के, चौदा टक्के.
टाकीची सावली सरकली.
रुचिताने पिशवी मांडीखाली, सावलीत ओढून घेतलीय.