सोलच्या मुल्लेत, शनिवारी

दुपारनंतर या. सकाळी इथं फक्त लोखंड बोलतं.
निळ्या माशाच्या भिंतीपाशी खुशाल फोटो काढा,
माझा नको.
समोर बांग दोक्सूचं लेथ फिरायचं,
तिथं आता कॉफी मिळते.
लेथच्या पायांची भोकं जमिनीत तशीच आहेत,
टेबल डगमगलं तर सांभाळून घ्या.

परवा एक मुलगी
माझ्या यंत्राखालची पोलादाची कुरळी साल
कानात घालायला घेऊन गेली.
पैसे किती, म्हणाली.
म्हटलं, भाडं दुप्पट झालंय पोरी,
कचरा अजून फुकट आहे.

सहाला मी शटर ओढतो.
मग तुमची संध्याकाळ.
वरच्या मजल्यावर कुणी ढोल वाजवतं, कुणी चित्रं टांगतं;
जिन्यात दिवा नाही,
कठडा धरा.
वेल्डिंग माझंच आहे,
एकोणनव्वद सालचं.