परवा

हरभट रोडवर मला मास्तर कुणी म्हणत नाही,
परवा म्हणतात.
चपलांच्या दुकानातला इलाही, घड्याळवाले शेठ,
मोबाईलवाल्याचं ते मिसरूड न फुटलेलं पोरगंसुद्धा :
"आले बघा परवा."

नाव तसं दिगंबर वायदंडे.
ब्रास बँडात क्लॅरिनेट वाजवतो.
नवं कॅलेंडर आणलं की मी देवाचा फोटो बघत नाही,
पान उलटून आधी मुहूर्त मोजतो.
तिथी असली की पैसा, नसली की भिंत.
मे महिन्यात एका दिवसात दोन वराती :
ओठ सुजतात, खिसा सुजतो.
मग आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत
गणपतीचे दहा दिवस सोडले तर
पेटीतलं वाद्य आणि मी
एकमेकांकडं बघत बसतो.

सुजलेल्या खिशाला खाज असते.
वरातीवरून पहाटे घरी, कानात अजून ढोल,
झोप नाही, आणि दहाच्या ठोक्याला
पाय आपोआप दुकानांच्या रांगेत.
एका उन्हाळ्यात मी घेतलं :
धावायचे बूट (मी धावत नाही),
कूलर, ज्यात ओतायला आमच्या गल्लीत पाणी नव्हतं,
आणि बटण दाबलं की सात रंग बदलणारा धबधबा,
शोकेसमध्ये ठेवायला.
शोकेस नव्हतं.

श्रावणात रेश्मानं धबधबा विकायला काढला.
साठ रुपयेसुद्धा कुणी देईना.
तिनं तो चुलीशेजारी लावला, चालू केला, म्हणाली,
"सात रंग हायत. पीठ कुठल्या रंगात हाय तेवढं बघा."

तिथून परवा सुरू झाला.
वस्तू आवडली तर हात लावायचा, भाव विचारायचा,
आणि म्हणायचं, परवा येतो.
दोन रात्री मधे घालायच्या.
दोन रात्रींत बहुतेक वस्तू आपोआप मरतात.
पावसाळ्याची ताडपत्री मेली नाही, ती घेतली.
इलाहीकडचे तपकिरी बूट
चार परवा उलटले तरी जिवंतच आहेत.

"परवडत नाही" म्हणताना मान खाली जाते,
"परवा" म्हणताना वर राहते.
शब्द तर निम्मा तोच.

फोनचं मात्र अवघड.
तिथं दुकानदारच नसतो, परवा म्हणायचं कुणाला?
म्हणून पिन रेश्माला बदलायला लावली.
ती सांगत नाही.
एकदा रात्री दोन वाजता मी विचारली होती,
तेव्हाही नाही.

दिवेलागणीला पतसंस्थेचा कलगोंडाण्णा येतो, पिग्मी घ्यायला.
वरातीच्या दुसऱ्या दिवशी पाचशे, कोरड्या दिवशी दहा.
त्याचं मशीन दोन्हीला तेवढंच करकरतं
आणि तेवढीच लांब पावती देतं.
मला ते बरं वाटतं.
उस्ताद म्हणायचे, गालात हवा राखून फुंक,
सगळी एका सुरात घालवलीस
तर पुढचा सूर काय घोडा काढणार?
तेव्हा वाटायचं, वाजवण्याबद्दल बोलतायत.

यंदा अधिक महिना आला.
लग्नं नाहीत, वर क्लॅरिनेटची दोन पॅडं गळायला लागली,
सूर निम्म्यातच फुसका.
मिरजेच्या कारागिरानं अडीच हजार सांगितले.
जीभ सवयीनं वळली, "पर..."
आणि थांबली.
पिग्मी मोडून आणली होती, मोजून दिले.
दुकानातच एक लांब सूर धरून बघितला.
शेजारचा चहावाला कप विसळायचा थांबला.

परतताना पेटी काखेत, खिशात बसभाड्याच्या वर
एकशे चाळीस रुपये.
इलाही पायरीवर उभा :
"ओ परवा, ते तपकिरी बूट, तुमच्यासाठी निम्म्यात."

आपल्या भाषेत हा शब्द दोन्हीकडं चालतो,
होऊन गेलेला परवा, यायचा परवा.
माझी कमाई कायम त्या परवाची,
भूक ह्या परवाची.

"परवा," मी म्हणालो.
कुठला, ते त्यानं विचारलं नाही.
बूट मात्र त्यानं
आतल्या फळीवर सरकवून ठेवले.